जुन्या मापाची कवळी

वहिनी कधी आडवारी फोन करत नसे, आणि स्वतःहून तर नाहीच नाही. त्यामुळे गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडायला थांबलेली असताना फोनवर वहिनीचं नाव दिसलं तेव्हा खारूला आधी आईच आठवली. घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला अवेळी आलेल्या फोनचा एकच अर्थ ठाऊक असतो. तिने फोन कानाला लावून पहिलंच विचारलं, "आई बरी आहे ना?" "बऱ्या आहेत, बऱ्या आहेत," वहिनी घाईघाईने म्हणाली आणि मग जरा घुटमळली. "खारूताई, रागवू नका, पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही पाठवलेली कवळी आई घालत नाहीत. फक्त रविवारी, तुमचा फोन यायच्या आधी पाच मिनिटं घालतात. तुम्ही फोन ठेवलात की काढून डबीत. सात महिने झाले. पातळ पातळ काहीतरी पिऊन राहतात, अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागलेत. मला शपथ घातली होती तुम्हाला सांगायचं नाही म्हणून." सिग्नल हिरवा झाला, माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली, सिग्नल परत लाल झाला, आणि ती खांबाला खांदा लावून तिथेच उभी. वहिनी सांगत होती की हिरड्यांना जखमा झाल्यात, दादा आईला तिथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता, ते पंधरा दिवसांत नवी करून देतो म्हणाले, पण आईचा एकच हेका: लेकीने केलेली असताना परक्याची कशाला. "तुम्ही सांगितलंत तर ऐकतील हो. येत्या रविवारी एवढं सांगाच. आणि माझं नाव तेवढं घेऊ नका."

दुसरी कुणी असती तर म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून तिने हे सोडून दिलं असतं. पण कवळ्या करणं हाच तिचा धंदा होता. एकोणीस वर्षं ती या शहरातल्या एका दातांच्या लॅबमध्ये मेणात दात रोवत बसली होती. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत, त्यावरून प्लास्टरचा साचा ओतला जाई, आणि त्या साच्यावर ती चौदा वरचे, चौदा खालचे दात असे बसवी की माणूस हसला तर त्याच्या बायकोलासुद्धा पत्ता लागू नये. हात तिचा असा होता की लांबलांबचे डॉक्टर चिठ्ठीवर तिचं नाव लिहीत, म्हणजे अर्धं नाव. पूर्ण नाव इथल्या जिभांना पेलत नाही म्हणून म्हाताऱ्या मालकाने पहिल्याच आठवड्यात ते मधोमध कापलं होतं आणि पुढचा तुकडा ठेवून मागचा टाकून दिला होता. सुरुवातीला तिला त्या तुकड्याचा भारी राग यायचा. आता रस्त्यात कुणी तो तुकडा उच्चारला की तिची मान आपोआप वळते, आणि बँकेत कुणी पूर्ण नाव वाचलं तर ही कोण बुवा, असं क्षणभर वाटतं. घरच्यांसाठी ती खारू होती, लहानपणी पुढच्या दातांनी पेन्सिली कुरतडायची म्हणून. लॅबमधल्या बायका तिच्यामागे तिला 'ती तिकडची' म्हणत. आणि एकदा फोन चालू राहून गेला होता तेव्हा शेजारणीला तिच्याबद्दल सांगताना वहिनी काय म्हणाली तेही तिने ऐकलं होतं. "आमची नणंद ना? ती तिकडची झाली आता." म्हणजे दोन्हीकडच्यांचं तिच्याबद्दल एकमत होतं. फक्त 'तिकडे' कुठे, एवढंच ठरायचं होतं.

लॅबमध्ये परत आल्यावर तिने समोरच्या साच्यावर दाढ बसवायला घेतली आणि ती तीनदा तिरकी बसली. शेजारी पॉलिश करणाऱ्या बाईने मोटार थांबवून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." काही नाही कसं? या लॅबमध्ये तिचा दरारा होता तो एका गोष्टीसाठी. सहा महिन्यांपेक्षा जुनं माप ती हातात धरत नसे. डॉक्टर किती का मोठा असेना, चिठ्ठी लिहून परत. दात गेले की हिरड्या स्वस्थ बसत नाहीत, आतलं हाड झिजत राहतं, जबडा महिन्या-महिन्याला बदलतो, हे ती नवीन लागलेल्यांना पहिल्या दिवशी सांगे. आणि त्याच बयेने सात महिन्यांपूर्वी, आईची आधीची कवळी, तीही हिनेच केलेली, बेसिनमध्ये पडून दुभंगली हे कळल्यावर, मोठ्या तोऱ्यात फोनवर सांगितलं होतं, "डॉक्टरबिक्टर काही नको. माझ्याकडे साचा आहे." साचा होता, खरंच होता. अकरा वर्षांपूर्वीचा. तिच्या खोलीतल्या फळीवर, पुस्तकं ठेवायच्या जागी, आईचा जबडा अकरा वर्षं ठेवलेला होता, आणि अकरा वर्षं ती दर शनिवारी त्याच्यावरची धूळ पुसत होती. त्या साच्यावर तीन संध्याकाळी बसून तिने कवळी केली, गुणगुणत केली, आणि हे जुनं माप आहे हे एकदाही, अगदी एकदाही तिच्या मनात आलं नाही. आलं नाही की येऊ दिलं नाही? दाताचा रंगसुद्धा तिने तोच निवडला होता. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडात बासष्ट वर्षांच्या बाईचे दात, आणि वर पार्सलमध्ये चिठ्ठी की जपून वापर.

आणि तिला काही कळलं नव्हतं असं तरी कसं म्हणायचं? दर रविवारी दुपारी फोनच्या पडद्यावर आई यायची, तोंडभरून हसायची आणि मग कमी बोलायची. पूर्वी आईला थांबवावं लागे, कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरात काय बिनसलं, सगळं इत्थंभूत. गेले काही महिने आई नुसतं "हो", "नाही", "बरं" यावर आली होती, आणि बोलताना मध्येच जबडा आवळून धरायची. कवळी सैल असली की माणूस असंच करतो, जीभ वर लावून ती पडू नये म्हणून धरून ठेवतो. हे तिने परक्या माणसात दहा पावलांवरून ओळखलं असतं. आईच्या बाबतीत तिने काय ठरवलं? तर आई दुरावली. आपल्याशी बोलायला आता तिच्याकडे काही उरलं नाही, आपण तिला पाहुण्यासारखे झालो, आणि हा विचार कुरवाळत ती रविवारची उरलेली दुपार चांगली उदास होऊन घालवायची. त्या संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना तिला हे आठवलं आणि स्वतःच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. आईच्या हिरडीला जखम होती, आणि ही इकडे आपल्या एकटेपणाचे लाड करत बसली होती.

त्यात तिची स्वतःची रविवारची तयारी काय थोडी होती? साडेअकरापासून सुरुवात. आईने फार पूर्वी पाठवलेला निळा कुर्ता अंगात चढवायचा, तो आता काखेत काचतो, हात वर केला की उसवेल अशी भीती. केस तिने केव्हाच मानेपर्यंत कापले होते, ते मागे ओढून घट्ट बांधायचे म्हणजे समोरून लांब वाटतात. फोन अशा बेताने टेकवायचा की मागे फक्त भिंत दिसेल, खिडकी नाही, खिडकीतली समोरची लाल कौलं नाहीत. मग घसा खाकरून दोन वाक्यं मोठ्याने स्वतःशीच बोलून पाहायची, कारण आठवडाभर ती भाषा तोंडात आलेली नसे. एवढं सगळं करून ती पडद्यासमोर बसायची ती पंचवीस वर्षांची, काल-परवाच घर सोडून आलेली खारू होऊन. म्हणजे तिकडे आई कवळी चढवून बसते आणि इकडे ही. मग दर रविवारी दुपारी बारा वाजता नक्की कोण कोणाला भेटत होतं?

शुक्रवारी तिला चैन पडेना. सकाळी ती आठवड्याची कामं उरकल्यासारखी भराभर दात बसवत सुटली, दुपारी तेच दात काढून परत बसवले. दर अर्ध्या तासाने हात धुवायला उठत होती. काय करायचं हे तर स्वच्छ होतं, वहिनीने तोंडावर आणून दिलं होतं. आईला सांगायचं, तिथल्या डॉक्टरांकडून करून घे. एक वाक्य. पंधरा दिवसांत आई जेवायला लागेल. पण ते एक वाक्य मनात जुळवायला गेलं की अर्ध्यावरच अडायचं. अकरा वर्षं ती गेली नव्हती, पण आई तिच्या दातांनी घास चावते आहे, एवढं एक तिच्याकडे होतं. कुणी विचारलं, घरच्यांसाठी तू काय करतेस, तर सांगायला तोंड होतं. ते डॉक्टरच्या हवाली केलं की मग ती नक्की कोण? दर रविवारी अर्धा तास दिसणारी एक बाई. दुसरा मार्गही होताच, आणि तो इतका सरळ होता की त्याच्याकडे ती बघतच नव्हती. स्वतः जायचं, ताजं माप घ्यायचं. रजा साठलेली होती, अडवायला नवरा नव्हता, पोरंबाळं नव्हती. नुसतं उठायचं आणि जायचं.

शनिवारी लॅब अर्धा दिवस असते. तिने घरून साचा रुमालात गुंडाळून आणला आणि सगळ्या गेल्यावर मालकाच्या टेबलावर ठेवला. मालक ऐंशीच्या घरातला, अजून रोज येऊन प्रत्येक काम भिंगातून बघणारा, आणि कौतुक करायचं झालं तर "चालेल" एवढंच म्हणणारा. त्याने साचा उचलला, उजेडात फिरवला, हिरडीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "कुणाचा?" "माझ्या आईचा." "माप कुणी घेतलं?" "मीच." "सुरेख घेतलंय. कधी?" तिने सांगितलं. मालकाने चष्मा काढला. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं, ओरडला असता तर बरंही वाटलं असतं. तो साचा परत रुमालावर ठेवत म्हणाला, "हा जबडा आता कुठे नाही, बाई. तू नसलेल्या माणसाची कवळी केलीस." आणि मग, तिचा चेहरा बघून असेल, हळूच विचारलं, "जात का नाहीस?" ती म्हणाली, "बघू." तो म्हणाला, "दहा वर्षं हेच ऐकतोय," आणि दिवे बंद करायला उठला.

जात का नाहीस. घरी पायी जाताना तिने त्या प्रश्नाला बगल द्यायचे सगळे नेहमीचे रस्ते घेऊन पाहिले. विमानात पाय सुजतात. काम फार. दादाच्या घरात जागेची अडचण. एकही धड टिकेना. खरं कारण तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते ताकास तूर लागू न देता तिने अकरा वर्षं जपलं होतं. गेल्या खेपेला ती तीन आठवडे राहिली. आईचे उरलेसुरले दात तेव्हा काढले होते, म्हणून इथून जातानाच माप घ्यायचं सामान घेऊन गेली होती. सगळं कसं छान होतं. वहिनीने तिच्यासाठी ठेवणीतले कप काढले होते, आणि बाकी सगळे रोजच्या कपातून पीत होते. तिला रोजचा कप हवा होता, पण मागायचा कसा ते समजेना; आई तेवढी तिच्या कपाकडे बघत असे. दादा तिला विचारायचा, "तुला चालेल ना?" पंखा चालेल ना, हे पाणी चालेल ना, ही उशी चालेल ना. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने, ज्याच्या बापाला ती काका म्हणायची, तिला विचारलं, "कुठून आलात?" आणि तिला पटकन उत्तरच देता आलं नाही. रात्री सगळी झोपली की ती पडल्या पडल्या इथल्या खोलीतल्या नळाचा आवाज आठवायची. मग परतीचा प्रवास, आणि तिने स्वतःच्या या खोलीचं कुलूप काढलं, बॅग आत ढकलली, दार लावून घेतलं, आणि तिच्या सगळ्या अंगातून एक सुस्कारा निघाला. सुटल्याचा. हुश्श, असा. पुढच्याच क्षणाला तिला स्वतःची भीती वाटली. आईला सोडून आल्यावर ज्या पोरीला असं वाटतं ती कसली पोर? घराची आठवण तर तेव्हाही येत होती, आजही येते, इतकी की कधीकधी बसमध्ये डोळे भरून येतात. पण जाऊन आल्यावर पुन्हा तो सुस्कारा निघाला तर? आठवण आहे तोवर निदान आपण तिकडचे आहोत. ती जीव तोडून जपायची, आणि जपायची तर जायचं नाही. असा सगळा उलटा कारभार.

रविवारी साडेअकरा वाजले. तिने निळा कुर्ता काढला, हातात धरला आणि परत ठेवून दिला. घरातला मळका स्वेटर घालून, केस मोकळेच ठेवून ती बसली आणि फोन खिडकीकडे तोंड करून टेकवला. बाराला आई आली, दात दाखवत हसली, आणि हसता हसता थांबली. "केस कापलेस?" "नऊ वर्षं झाली." आई पडद्याजवळ सरकून बघत राहिली. तिने मनाशी धरलेलं वाक्य एका दमात सांगून टाकलं. "आई, कवळी काढ. मला कळलंय. ती मी जुन्या मापावर केली, चूक माझी आहे. उद्याच्या उद्या दादाबरोबर डॉक्टरांकडे जा आणि नवी करून घे." आईने दाराकडे एक नजर टाकली. "तुझ्या वहिनीच्या पोटात काही राहत नाही," ती म्हणाली. मग पदर तोंडापुढे धरून कवळी काढली आणि पदर बाजूला केला.

तिने साच्यांतून हजारो तोंडं पाहिली होती, दात नसलेलीच बहुतेक. पण हे तोंड तिच्या ओळखीचं नव्हतं. गाल आत गेले, हनुवटी वर आली, नाकाखाली एकदम थोडीच जागा उरली. डाव्या बाजूला ओठाच्या आत लाल डाग दिसला, तिथे कड रुतत असणार. हाड किती बसलंय हे तिच्या डोळ्यांनी आपोआप मोजायला घेतलं, आणि मोजता मोजता तिला रडू फुटलं. "कशाला घालायचीस?" ती म्हणाली. "दुखत होतं तर सांगायचं ना." आई म्हणाली, "तू एवढी खूश झाली होतीस करून. आणि मला असं बघून तू घाबरली असतीस." बिनदातांची आई मोकळी बोलत होती, कित्येक महिन्यांनी सलग बोलत होती. "जाते उद्या डॉक्टरकडे. मलाही जेवायचंय बाई आता, किती दिवस पेज पिऊ? पण तू का रडतेस? दातांसाठी?"

आणि मग तिने सांगितलं. असं सांगायचं तिने ठरवलं नव्हतं, पण स्वेटरमध्ये बसलेल्या त्या बाईला ते सांगता आलं. "मी येत नाही त्याचं कारण ते नाहीये आई, जे मी सांगते. गेल्या वेळी इथे परत आले आणि मला बरं वाटलं. तुला सोडून आले आणि बरं वाटलं. मला लाज वाटते."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पोचलीस म्हणून फोन केला होतास ना. म्हणालीस, 'आले गं एकदाची घरी.' मी दादाला म्हटलंसुद्धा, खारू घरी पोचली." आईने पोपडे धरलेले ओठ पदराने पुसले. "मला काय वाईट वाटायचं त्यात? तू गेलीस तेव्हा पहिली दोन वर्षं फोनवर नुसती रडायचीस. माझा डोळ्याला डोळा लागत नसे. त्या दिवशी म्हटलं, चला, पोरीला घर झालं. त्या रात्री मी गाढ झोपले. आणि तू त्यापायी अकरा वर्षं रुसून बसलीस होय?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, पुढे मागे, पुढे मागे. आई म्हणाली, "डॉक्टर माप घेतो ते तसंच ना, तू घेतलं होतंस तसं? तो गार गार गोळा तोंडात?"

"तसंच."

"तू माझी हनुवटी धरली होतीस एका हाताने. आणि दुसरा हात डोक्यामागे. हलू नको म्हणून दटावत होतीस. किती वेळ लागतो त्याला?"

"तीन मिनिटं. घट्ट होईपर्यंत."

"मग तेवढ्यासाठी ये," आई म्हणाली. "आत्ताची कवळी तो डॉक्टर करील, तिच्यावर मी जेवेन. तू नुसतं पुढच्या कवळीचं माप घे. ते झालं की जा तुझ्या घरी, मी थांब म्हणणार नाही."

तिने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, पण डोळ्यांतल्या पाण्याने आकडे दिसेनात, म्हणून ती आईलाच म्हणाली, "पुढच्या महिन्यात आले तर चालेल?"

"रोजच्या कपात चहा मिळेल," आई म्हणाली. "ये."